चादरीचं दुसरं टोक

रुग्णालयाच्या लाँड्रीत तिचं खरं नाव कोणाच्याही लक्षात राहिलं नव्हतं. सगळे तिला जमेलबाई म्हणायचे. "बाई, आज दोघी रजेवर आहेत, दुपारपर्यंत पेशंटचे सगळे गाऊन होतील का?" "जमेल." "बाई, गाठोडं जड आहे, कोणाला हाक मारू का?" "जमेल." हे म्हणताना ती मान वर करून बघायचीसुद्धा नाही. एकदा एका नव्या मुलीने साधंच विचारलं, "बाई, किती वाजले?" आणि बाई कामाच्या तंद्रीत म्हणाली, "जमेल." त्या दिवशी लाँड्रीत हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली आणि नाव कायमचं चिकटलं.

मोठ्या चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात, हे शेंबडं पोरही सांगेल. एकाने हे टोक धरायचं, दुसऱ्याने ते. ताणायची, झटकायची, मग चालत एकमेकांकडे यायचं आणि कोपऱ्याला कोपरा भिडवायचा. जमेलबाई मात्र एकटीच घडी घालायची. दोन कोपरे दोन हातांत, मधली कड हनुवटीखाली दाबलेली, आणि बाकीची चादर टेबलावर कोपराने सरळ करत न्यायची. नव्या मुली कामं सोडून बघत उभ्या राहायच्या. बाई काही मिरवणाऱ्यातली नव्हती, पण कोणी बघतंय असं दिसलं की ती ढिगातली सगळ्यांत मोठी चादर उचलायची, हेही खरं. एवढा मोठेपणा कोणालाही माफ असावा.

हा शब्द मुळात तिचा नव्हताच. ती लहान असताना आईने अंथरूण धरलं. घरात माणसं जमली, आता स्वयंपाकपाणी कोण करणार, आजारी बाईचं कोण बघणार, अशी चर्चा सुरू झाली. एका मावशीने कोपऱ्यात बसलेल्या पोरीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "ही आहे ना. हिला जमेल." झालं, सगळे आपापल्या घरी गेले. पोरीला तेव्हा पाण्याची भरलेली बादली दोन्ही हातांनीही उचलवत नव्हती. पण जे ओझं अंगावर येऊन पडलं, तेच तिने पुढे अभिमान म्हणून मिरवलं. माणसं असंच करतात, नाहीतर ते ओझं उचलायचं तरी कसं?

लाँड्रीला लागणारी वाफ तळघरातल्या बॉयलरमधून यायची आणि तो बॉयलर सांभाळणारे गृहस्थ होते वाफवाले. एकदा पाइप तपासायला ते वर आले. बाई हनुवटीखाली चादर दाबून उभी होती. त्यांनी पाना खाली ठेवला, हात पुसले आणि काही न विचारता दुसरं टोक उचललं.

"जमेल मला," ती म्हणाली.

"जमेल हो. पण मधे झोळ राहतो."

तिने बघितलं. झोळ होता. इतकी वर्षं होता, पण बाईच्या नाकावर माशी बसू न देण्याच्या स्वभावामुळे ते सांगायची कोणाची छाती झाली नव्हती. त्या दिवशी तिला भयंकर राग आला. दुसऱ्या दिवशी वाफवाले पुन्हा पाइप तपासायला आले, तिसऱ्या दिवशीही आले. इतका तपासला गेलेला पाइप जगात दुसरा नसेल.

लग्नानंतर घरातल्या चादरींची घडी दोघं मिळूनच घालायची. ते चालत तिच्यापाशी यायचे, आपल्या हातातले कोपरे तिच्या हातात द्यायचे आणि जरासं वाकून म्हणायचे, "सांभाळा बाईसाहेब, आपली इस्टेट." दर वेळी हाच विनोद. ती दर वेळी म्हणायची, "पुरे." एखाद्या वेळी ते विनोद विसरले तर ती कोपरे हातात न घेता उभी राहायची. मूल झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी आपापल्या परीने गिळलं. त्यांनी देवाजवळ रडून, तिने कामाला जुंपून घेऊन.

रात्री जेवणाआधी वाफवाले मोठ्याने प्रार्थना करायचे. बॉयलरच्या झडपेपासून शेजाऱ्याच्या मांजरीपर्यंत सगळं देवाच्या कानावर घालायचे. ताटातलं निवायचं. मग तिची पाळी. तिची प्रार्थना एका श्वासात व्हायची, "देवा, बाकीच्यांचं बघ, माझं मी बघते, आमेन."

"अगं, ही प्रार्थना आहे की देवाला सुट्टी देतेस?" ते हसत विचारायचे.

"त्याच्यामागे काय कमी व्याप आहेत? आपली तेवढीच एक कटकट कमी."

यात तिला काही गैर वाटत नव्हतं. गर्दीच्या घरी गेल्यावर शहाणा पाहुणा जसा 'राहू द्या, पाणी माझं मी घेतो' म्हणतो, तसा तिचा देवाशी व्यवहार होता. रविवारची उपासना तिने कधी चुकवली नाही. फक्त मागितलं कधी काही नाही.

वाफवाल्यांची धाकटी बहीण मात्र अगदी उलट. ती जवळच एका खोलीत एकटी राहायची आणि शिवणकाम करायची. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो हिच्यामागे कायमचा मुक्कामाला होता. लिफ्टची भीती, कुत्र्याची भीती, दाराची बेल दाबायची भीती. सुईत दोरा ओवण्याआधीसुद्धा ती डोळे मिटून दोन शब्द प्रार्थना करायची. जमेलबाई तिला तोंडावर भागूबाई म्हणायची. "अगं भागूबाई, देवाला तुझी सुई धरण्यापलीकडे काही कामधंदा आहे की नाही?" नणंद बिचारी हसायची. वहिनीचा तिला धाक होता आणि वहिनीसारखं व्हावं असंही फार वाटायचं.

मग वाफवाल्यांना झटका आला. सकाळी बॉयलर पेटवताना ते खाली बसले ते उठलेच नाहीत. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. रुग्णालयातून घरी आणलं तेव्हा जिभेवर एकच शब्द उरला होता, "थांब". पाणी हवं तरी थांब, नको तरी थांब, ऊन तोंडावर आलं तरी थांब, बायको खोलीत आली की हसून थांब. एवढ्या लांब प्रार्थना करणाऱ्या माणसाजवळ देवाने एवढा एकच शब्द का ठेवला, असा प्रश्न नणंदेला पडायचा. जमेलबाईला असले प्रश्न पडायचे नाहीत. ती म्हणायची, "कशाला थांबू? पडदा ओढू का? बरं, मग पाणी? पाणीच ना?" आणि बहुतेक वेळा तिचं बरोबर यायचं. त्यामुळे शब्दाकडे लक्ष द्यायची तिची सवयच गेली. ती आपली डोळ्यांकडे बघायची, हाताकडे बघायची आणि काम उरकायची.

रुग्णालयाने वापरायला एक लोखंडी पलंग दिला होता. उंच, दोन्ही बाजूंना वरखाली करायचे कठडे. आजारी माणूस पडल्या पडल्या पायथ्याकडे घसरत जातो. त्याला वर ओढण्यासाठी त्याच्या पाठीखाली एक आडवी चादर घालतात. दोन बाजूंना दोन माणसं उभी राहतात, चादरीची कड मुठीत गुंडाळतात आणि एका सुरात उचलून वर सरकवतात. घरी आलेल्या नर्सबाईने हे वहिनी-नणंदेला दोन-तीनदा करून दाखवलं. "आणि एकटीने करायचं नाही," जाताना तिने बजावलं.

"जमेल," जमेलबाई म्हणाली.

"जमायचा प्रश्न नाही बाई. दोघींनीच करायचं."

आता लाँड्रीची दुपारची पाळी करायची तर घरी कोणीतरी हवंच होतं. नणंद दुपारी येऊन बसू लागली. पण जमेलबाईने तिला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "बसायला ये, हात लावायला नको. तुझे हात थरथरतात, त्यांना भीती वाटते." खरं तर वाफवाल्यांना बहिणीच्या हातांची कधीच भीती वाटली नव्हती. नर्सबाईच्या धाकाने नणंद सकाळीही एक चक्कर टाकायची, भावाला वर सरकवण्यापुरती. तेही बाईला रुचायचं नाही. कधी कधी तर दार अर्धवट उघडून ती सांगायची, "झालं माझं. तू जा घरी." लिफ्टला घाबरून सगळे जिने चढून आलेली नणंद तशीच जिने उतरून जायची.

त्याच सुमारास एका रविवारी पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, "विश्वास पुस्तकात शोधू नका. आपल्या या भगिनीकडे बघा. एवढं संकट आलं, पण तोंडून एक तक्रार नाही. खडकासारखा विश्वास!" सगळ्या माना वळल्या. आपल्याला आनंद झालेला कोणाला दिसू नये म्हणून तिने मान खाली घातली.

घरी जाताना नणंदेने विचारलं, "वहिनी, तू देवाला काय म्हणतेस गं? मला पण शिकव ना."

"काय म्हणायचंय त्यात? म्हणते, माझं मी बघते."

नणंद चालता चालता थबकली. "असं म्हणतेस त्याला?" ती हळूच म्हणाली.

ती सकाळ इतर सकाळींसारखीच होती. भिंतीवर ऊन आलं होतं, ओट्यावर चहा झाकून ठेवला होता. वाफवाले रात्रभरात घसरून पार खाली गेले होते. पाय पायथ्याच्या पट्टीला टेकले होते, हनुवटी छातीवर आली होती. तशा अवस्थेत चहा दिला तर ठसका लागणार. नणंद यायची वेळ झाली होती, पण आली नव्हती. चहा निवत होता. आणि जमेलबाईला कोणाची वाट बघत उभं राहायचं म्हणजे अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं.

तिने एक युक्ती केली. आडव्या चादरीचं पलीकडचं टोक पलीकडच्या कठड्याला गाठ मारून बांधलं. अलीकडचा कठडा खाली केला, अलीकडची कड मुठीत गुंडाळली. दुसऱ्या माणसाचं काम कठडा करणार होता.

"थांब," वाफवाले म्हणाले.

"हो हो. चहाच देतेय."

"थांब," ते पुन्हा म्हणाले. त्यांचा डावा हात वर आला होता. ते तिच्याकडे बघत नव्हते, दाराकडे बघत होते. तिने ते बघितलं. तिला ते कळलं. त्या क्षणी तिला अगदी स्वच्छ कळलं की हा पाण्याचा थांब नाही, पडद्याचा नाही, खराखुरा थांब आहे. आणि तरीही ती म्हणाली, "जमेल हो मला," आणि तिने ओढलं.

पलीकडची गाठ सुटली. चादर आणि चादरीवरचा माणूस, दोन्ही एका झटक्यात तिच्याकडे आले. ती मागे पडली आणि ते तिच्या पायांवर, तिथून फरशीवर. जो आवाज झाला तो तिच्या कानातून पुढे कधी गेला नाही. ती ओरडली, आणि लगेच दार वाजलं. नणंद बाहेर उभी होती. दाराची दुसरी किल्ली तिला कधी दिलेली नव्हती, म्हणून नवऱ्याला फरशीवर टाकून बाईला उठावं लागलं आणि दार उघडायला जावं लागलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. रुग्णालयात छातीत कफ साठला, ताप चढला. त्यांच्या अंगावरच्या चादरीला तिच्याच लाँड्रीची खूण होती. वाफवाले पुन्हा बोलले नाहीत. थांबसुद्धा म्हणाले नाहीत. नुसते बघायचे, आणि एका पहाटे बघायचेही थांबले.

"घसरले," तिने सगळ्यांना सांगितलं. "पलंगावरून घसरले." कोणी जास्त विचारलं नाही. अंत्यविधीला आलेली माणसं बाहेर पडताना आपसात म्हणत होती, "बाई खंबीर आहे. हिला जमेल." ती शवपेटीजवळ उभी होती, तिला ते ऐकू आलं. मावशीच्या तोंडचा शब्द मावशी मेल्यावरही तिला शोधत आला होता.

एकट्या नणंदेने विचारलं. दफनभूमीतून परत येताना तिने वहिनीचा हात धरला आणि म्हणाली, "पडताना दादा काही म्हणाला का गं?"

"नाही," जमेलबाई म्हणाली.

पुढे नणंद दर शनिवारी यायची, चहा व्हायचा, आणि उठता उठता ती तेच विचारायची. "काहीच म्हणाला नाही?" "नाही." भावाचा शेवटचा शब्द तिला हवा होता, एवढंच. एखादी वस्तू मागावी तसा मागत होती. आणि तो देता येत नव्हता, कारण त्या शब्दाबरोबर बाकी सगळं द्यावं लागलं असतं.

लाँड्रीत बाई पुन्हा कामावर गेली. पहिल्याच दिवशी मोठी चादर उचलली, कड हनुवटीखाली घेतली आणि चादर हातातून गळून खाली पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. मुलींनी बघून न बघितल्यासारखं केलं. कोणी काही विचारलं तर आता ती नुसती मान हलवायची. मुलीही तिला जमेलबाई म्हणेनाशा झाल्या. नुसतंच बाई. टोपणनाव गळून पडणं म्हणजे काय असतं, हे ज्याचं पडलंय त्यालाच कळतं.

घरी ताटावर बसली की प्रार्थना अडायची. "देवा, बाकीच्यांचं बघ, माझं..." पुढचं वाक्य येत नव्हतं. माझं मी बघते, असं कोणत्या तोंडाने म्हणणार? जे बघायचं होतं ते फरशीवर पडलं होतं. आणि दुसरं काही म्हणायची सवय नव्हती. ती तशीच, अर्ध्या वाक्यावर, जेवायला लागायची. घास फिरत राहायचा तोंडात.

उपासनेला ती जाईनाशी झाली तेव्हा पाळकसाहेब घरी आले. म्हणाले, "बाई, तुमचा विश्वास डळमळू देऊ नका."

"साहेब, तो विश्वास नव्हता," ती म्हणाली. "तो माझा माझ्यावरचा भरवसा होता. देवाला मी आमच्या घरात कधी कशाला हातच लावू दिला नाही."

पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला. "मलाही तो फरक दिसला नाही," ते म्हणाले. "आणि मी ते सगळ्यांसमोर बोललो. ती चूक माझी." मग थोड्या वेळाने, "आता तरी त्याला काही मागा."

"काय मागू? जे मागायचं होतं त्याची वेळ गेली."

त्यांनी ओढूनताणून उत्तर दिलं नाही, एवढं श्रेय त्यांच्या पदरात घालायला हवं. जाताना दारात थांबून त्यांनी एवढंच विचारलं, "कोणाशी बोलता का हे?" तिने कप उचलले.

लोखंडी पलंग परत न्यायला माणसं येणार होती, तो शनिवार होता. पलंगाबरोबर त्याच्या चादरीही द्यायच्या होत्या. आडवी चादर त्या सकाळपासून दारामागे बोळा होऊन पडली होती. लाँड्रीत आयुष्य गेलेल्या बाईच्या घरात एक चादर न धुता राहिली, यावरूनच काय ते समजावं. आज तिने ती धुतली. वाळवली. आणि नणंद आली तेव्हा ती चादर हातात घेऊन खोलीच्या मधोमध उभी होती.

नणंदेने पिशवी ठेवली. नेहमीसारखं भीत भीत विचारलं, "धरू का मी टोक?"

'जमेल' हा शब्द बाईच्या जिभेवर आला, पण तिने तो बाहेर काढला नाही. तिने मानेनेच हो म्हटलं. नणंदेने टोक उचललं. दोघींनी ताणली. चादर मधे ताठ झाली आणि जमेलबाईला वाटलं, आता बोलले नाही तर मरेपर्यंत बोलणार नाही.

"म्हणाले होते," ती म्हणाली.

"काय?"

"तू विचारतेस ना. पडताना नाही, पडायच्या आधी. 'थांब' म्हणाले होते."

नणंदेच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं. "ते काय, दादा नेहमीच..."

"नेहमीचं नाही गं. दोनदा म्हणाले. दाराकडे बघून, हात वर करून. ते घसरले नाहीत. मी एकटीने ओढलं. गाठ मारून ओढलं. मला कळलं होतं ते काय म्हणतायत, आणि तरी मी ओढलं. मी मारलं तुझ्या दादाला."

नणंदेच्या हातून चादरीचं टोक सुटलं. ती खाली बसली नाही, रडली नाही. दाराकडे बघत राहिली.

"दाराकडे बघत होता?"

"हो."

"त्याला माझ्या चपला ऐकू आल्या असतील." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मी बाहेरच होते, वहिनी. केव्हाची उभी होते. डोळे मिटून प्रार्थना करत होते, आज तू मला परत पाठवू नयेस म्हणून. देवा, वहिनीला राग येऊ देऊ नको. देवा, मला धीर दे. नुसतं दार वाजवायचं होतं गं. मी हात जोडून उभी राहिले, तो दारावर मारला नाही."

त्या दिवशी आपण ओरडल्याबरोबर दार कसं वाजलं, हे कोडं बाईला कधी पडलंच नव्हतं. आता उत्तरच समोर उभं होतं. दाराच्या आत एक बाई, जिने देवाला कधी बोलावलं नाही. बाहेर एक बाई, जी त्याला बोलावतच राहिली आणि जागची हलली नाही. आणि मधे पलंगावर एक माणूस, ज्याला दोघीही कळत होत्या आणि जवळ शब्द एकच होता.

"तू मला इतकं घाबरवून ठेवलं होतंस, वहिनी," नणंद म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या आवाजाला धार आली. "माझ्या सख्ख्या भावाच्या दाराबाहेर मी चोरासारखी उभी राहायचे. आणि वर मला सांगायचीस, माझ्या हातांची त्याला भीती वाटते."

"खोटं होतं ते. त्यांना कधीच वाटली नाही."

"माहीत आहे मला." तिने पिशवी उचलली, चपलांत पाय घातले. "मी जाते आता. मला इथे बसवत नाही."

जमेलबाईने तिला किती वेळा या दारातून परत पाठवलं होतं. आज ती स्वतःहून निघाली होती आणि पुन्हा येईल याची काही खात्री नव्हती. अडवायचा हक्क बाईला नव्हता, तो तिने त्या सकाळीच घालवला होता. कडी निघाल्याचा आवाज झाला.

"थांब," बाई म्हणाली.

दोघीही दचकल्या. या घरात तो शब्द फक्त एकाच्याच तोंडी असायचा. आणि पाण्यासाठी, उन्हासाठी, कशाकशासाठी वाफवाले काय म्हणत होते, ते ती आज स्वतः म्हणाल्यावर तिला पहिल्यांदा नीट ऐकू आलं. तू इथे राहा, एवढंच म्हणत होते. ती दर वेळी पाणी आणायला गेली होती.

"थांब गं. जाऊ नकोस," ती पुन्हा म्हणाली. "मला नाही जमत."

हे तीन शब्द बोलायला तिला सगळं आयुष्य लागलं होतं. बोलली आणि भिंतीला धरून खाली बसली आणि रडली. आई गेली तेव्हा रडायचं राहिलं होतं, मूल झालं नाही तेव्हाचं राहिलं होतं, शवपेटीपाशी राहिलं होतं. सगळं एकदम आलं. नणंद दारातच उभी होती. ती आतही येत नव्हती आणि जातही नव्हती. तिचा राग काही गेला नव्हता, तिच्या बोटांनी पिशवीचा बंद पिळून पिळून त्याची दोरी केली होती. शेवटी तिने दार लोटलं, आत येऊन फरशीवर बसली. वहिनीपासून जरा अंतर ठेवूनच.

"प्रार्थना करू?" तिने सवयीने विचारलं.

"तू नको. तू पुष्कळ केलीस." बाईने पदराने नाक पुसलं. मग, जेवणाच्या ताटावर बसल्यासारखी मान खाली घालून, जुनंच वाक्य सुरू केलं, कारण दुसरं येतच नव्हतं. "देवा, बाकीच्यांचं बघ. माझं..." इथे ती नेहमीसारखी अडली. आतून काही हालचाल झाली नाही, उजेड पडला नाही, कोणी खांद्यावर हात ठेवला नाही. फक्त शेजारी नणंद श्वास रोखून बसलेली होती. "माझंही बघ," ती म्हणाली. "मला बघता आलं नाही."

"आमेन," नणंद म्हणाली.

पलंग न्यायला येणाऱ्या माणसांची वेळ झाली होती. चादर मधोमध पडली होती, एका कडेला धूळ लागली होती. नणंदेने उठून आपलं टोक उचललं. बाईने आपलं. ताणली, झटकली. मग नणंद चालत वहिनीपाशी आली आणि हातातले कोपरे पुढे केले. विनोद कोणी केला नाही. जमेलबाई तो ऐकायला मिळेल म्हणून जराशी उभी राहिली, आणि मग तिने कोपरे घेतले.